विनेशच्या अ‍ॅम्पचा घसा

२४ सप्टेंबर, संध्याकाळ
बायकोचा, राहीचा, धाकटा भाऊ विनेश आज टेम्पो घेऊन आला आणि त्याचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आमच्याकडे ठेवून गेला. पनवेलची खोली सोडली, परवा कामावर, बोटीवर चढणार. कमरेइतकी उंच काळी पेटी, पुढे जाळी, मागे दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व. म्हणाला, भावजी, असे जगात मोजकेच आहेत. बनवणाऱ्या म्हाताऱ्याने दुकान बंद केलं, आता पुन्हा मिळायचा नाही. तुम्ही काही करू नका. पुसायचा, झाकायचा, बस्स.
मी म्हटलं, निर्धास्त जा. इतकी वर्षं भजनात पेटी वाजवतोय, मंडळाचं माईक-मशीनही मीच बघतो. वस्तू जाणकाराच्या हाती आहे. त्यावर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. भरून आलं असावं.
जाता जाता हसत म्हणाला, मागचं झाकण उघडू नका हां, बंद असला तरी आत करंट साठलेला असतो, माणूस जागेवर जातो. बोटीवरच्या लोकांना कशाचंच भय नसतं.
संकल्प: हात लावायचा नाही.

२५ सप्टेंबर
अ‍ॅम्प देवघराशेजारच्या खोलीत आहे. तिथून गेल्याशिवाय देवाकडे जाता येत नाही. राहीने विचारलं, अहो, भिंतीला घासत का चालता? म्हटलं, फरशी ओली आहे. मग तिथे थोडं पाणी सांडून ठेवलं.

२९ सप्टेंबर
पुसला. लांब दांड्याच्या झाडूला फडकं बांधून. असं जास्त स्वच्छ होतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कोयता, नारळ सोलायची पहार, पंप, राहीचा मिक्सर आणि माझी पेटी यांची पूजा केली. अ‍ॅम्पला वगळणं बरं दिसेना. झेंडूची माळ घातली. हळदकुंकू उदबत्तीच्या काडीने लावलं, म्हणजे अंतर राहतं.
पूजा झाल्यावर लक्षात आलं. आमच्या मंडळाची रीत आहे, नवमीला पुजलेलं वाद्य दसऱ्याला वाजवायचंच. मुकं ठेवलं तर ते वर्षभर रुसतं. आमचे गायक धर्माजीबुवा, त्यांच्या वडिलांपासूनची रीत.
म्हणजे उद्या वाजवणं आलं.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी
सगळ्या बाजूंनी विचार केला. विनेश म्हणाला ते मागच्या झाकणाबद्दल. माईकची पिन पुढून जाते. त्याचा शब्दही राहतो आणि देवाची रीतही. फक्त एकदा 'राम कृष्ण हरी' म्हणायचं आणि बंद करायचा.
घाबरलेलो नाही. स्लीपर घातल्या आहेत.

२ ऑक्टोबर, दुपारी
अक्षराला हसू नये.
मंडळाचा माईक लावला. बटण दाबलं. व्हॉल्व समईसारखे तांबूस झाले, फार प्रसन्न वाटलं. हात जोडले. सगळी बटणं मध्यावर ठेवली, मंडळाच्या मशीनला ठेवतो तशी, आणि म्हटलं, राम.
कृष्णापर्यंत पोचलोच नाही. आधी एक किंकाळी आली, चालत्या करवतीत खिळा सापडावा तशी. मग माझाच 'राम' आला, पण फाटलेला, गुरगुरणारा, लांबच लांब. रेड्याच्या तोंडून वेद ऐकणारे धन्य झाले. मी माझ्या तोंडून रेडा ऐकला.
सुपारीच्या झाडांवरचे कावळे उठले. आमच्या होमस्टेला डोंबिवलीचं जोडपं उतरलंय, त्यातले साहेब अर्ध्या गालाला साबण लावलेला असे अंगणात आले. शेजारची नीराबाई मुसळ घेऊन धावत आली, कोनाला मारताव रं? मी वायर धरून ओढली आणि पिन भिंतीतून काढली.
आठ दिवस झाले वस्तू येऊन. जगात मोजक्या असलेल्यांपैकी एकीचा मी एका शब्दात घसा फाडला.

३ ऑक्टोबर
राही म्हणाली, विनेशला फोन करा आणि विचारा. म्हटलं, बोटीवर रेंज नसते. ती म्हणाली, रोज सकाळी स्टेटस ठेवतो तो, काल डॉल्फिन होते.
मी डॉल्फिन बघितले. कठड्याशी उभ्या विनेशच्या चेहऱ्यावर विश्वास दिसत होता. फोन केला नाही.

७ ऑक्टोबर
मोठा शोध लागला. या अ‍ॅम्पचे जगभरातले मालक एका साइटवर आपापला अनुभव लिहितात. इंग्रजी आहे, पण फोन मराठी करून देतो.
वाचून अंगावर काटा आला. माझ्या हातून काहीच बिघडलेलं नाही. सगळ्यांचा असाच आहे!
जर्मनीचा एक लिहितो, हा अ‍ॅम्प नव्हे, जनावर आहे. अमेरिकेतल्या एकाच्या भिंतीवरची तसबीर पडली. एकाचे शेजारी घर बदलून गेले. एक म्हणतो, नुसता चालू केला तरी पोटात गोळा येतो. मला त्याला भेटावंसं वाटलं. फिनलंडचा एक तर म्हणतो, दहा वर्षं झाली, अजून याची भीती वाटते.
इतका त्रास होऊनही एकानेही परत केलेला नाही. प्रत्येकाने खाली चार-पाच चांदण्याही दिल्या आहेत. बनवणाऱ्याचा धाक असणार.
देवापुढे त्या सर्वांसाठी दिवा लावला.

१० ऑक्टोबर
दोन दिवस विचार करतोय. विनेश साधा मुलगा आहे. दुखणं असलेली वस्तू त्याच्या गळ्यात मारली आणि त्याला कळलंही नाही. तो बोटीवर राबतोय. त्याच्या माघारी ती बरी करून ठेवणं हे मोठा म्हणून माझं कर्तव्य आहे.
संकल्प: सदूला बोलवायचं. सदू मांडव-साउंडवाला. त्याच्या हाताखालून गेलेलं मशीन पुन्हा कुरकुरत नाही.

१४ ऑक्टोबर
सदू येऊन गेला. झाकण उघडलं. मी वाळका बांबू घेऊन दारात उभा होतो. करंटने धरलं तर माणसाला वाळक्या लाकडाने मारून सोडवतात. सदू म्हणाला, दादा, तुमच्या बांबूचीच भीती वाटते, जरा मागं व्हा.
त्याने बराच वेळ आत बघितलं आणि निदान केलं. सुरुवातीचे व्हॉल्व एकाचा आवाज दुसऱ्यात ओततात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, आणि प्रत्येक जण तो आणखी फाडतो. म्हणाला, दादा, बनवनाऱ्याची काय तरी गफलत हाय, मुद्दाम कोन आसं करील का?
मग त्याने मधले टप्पे सोडवले आणि पहिल्या व्हॉल्वपासून शेवटच्यांना सरळ वायर दिली. निघालेलं सामान पिशवीत घालून आतच बांधून ठेवलं.
चालू केला. मी विहिरीपाशी गेलो होतो, कळशी बघायला. तिथूनच सदूचा आवाज ऐकला, हॅलो, माईक टेस्टिंग. कसा आवाज! धुतलेल्या तांदळासारखा.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा
काकड्याची समाप्ती. अ‍ॅम्प देवळात नेला. धर्माजीबुवांचा आवाज हल्ली मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही आणि मंडळातले तरुण म्हणतात की पेनड्राइव्ह लावू. आज बुवा गायले आणि बाहेर चपला सांभाळणाऱ्या म्हातारीनेही मान डोलावली. बुवा म्हणाले, अरं जीवन, हे यंत्र देवानंच धाडलंय. आता दत्तजयंतीलाही हेच.
मी म्हटलं, सगळी त्याची इच्छा. विनेशचं नाव घ्यायचं राहून गेलं.

७ नोव्हेंबर
इतर मालकांना अंधारात ठेवणं पाप आहे. साइटवर माझा अनुभव लिहिला. मराठीत लिहिलं, फोनने इंग्रजी केलं. लिहिलं की बंधूंनो, माझ्याही अ‍ॅम्पला हीच खरखर होती. आमच्या गावच्या कारागिराने ती मुळापासून काढली. आता अभंग स्वच्छ ऐकू येतो. घाबरू नका, हा रोग बरा होतो. सदूचा नंबर दिला. आतला फोटो जोडला. पाच चांदण्या.

८ नोव्हेंबर
उत्तरं यायला लागली. पहिल्याने नुसतं 'नाही' लिहिलंय. दुसऱ्यानेही.

९ नोव्हेंबर
फिनलंडवाल्याने लांबलचक लिहिलं. फोन त्याचं मराठी असं करतो: ती खरखर हाच तो अ‍ॅम्प आहे. म्हाताऱ्याने आयुष्य घालवून ती घडवली. आम्ही तिच्यासाठी जगतो. तुम्ही वाघाचे दात काढून त्याला दूधभात घातलात. ज्याचा हा अ‍ॅम्प आहे त्याला देव बळ देवो.
ज्याचा आहे त्याला. म्हणजे त्याने ओळखलं की माझा नाही.
सकाळपासून साइट पुन्हा उघडलेली नाही. दुसरीकडे सदू फोनवर ओरडतोय की परदेशातून कोणकोण शिव्या देतात.

१० नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. परदेशी लोकांना फाटका आवाज आवडत असेल. विनेश आपला आहे. लहानपणी माझ्या मांडीवर बसून पेटीचा भाता हलवायचा. त्याला स्वच्छ सूरच आवडणार. उगाच घाबरलो.
राहीला सहज विचारलं, विनेश गिटार कशी वाजवतो गं? ती म्हणाली, घर पाडल्यासारखी.

१२ नोव्हेंबर
विनेशचा मेसेज आला. बोट लवकर लागते. महिनाअखेरीला मुंबईत जुन्या मित्रांचा प्रोग्राम, सगळे बऱ्याच वर्षांनी एकत्र वाजवणार. २६ ला मांडव्याला उतरतो, अ‍ॅम्प घेऊन जातो. शेवटी लिहिलंय, भावजी, त्या आवाजाच्या आशेवर ही खेप काढली.
दोनदा वाचला. तिसऱ्यांदा चष्मा सापडेना. डोळ्यांवरच होता.

१३ नोव्हेंबर
घाबरण्यासारखं काही नाही. सदूने सोडवलं, सदू जोडील. सामान आतच आहे.
सदूला फोन केला. तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली, तो रोह्याकडे मांडवात आहे. झालेलं सांगितलं. तो म्हणाला, दादा, बरा केल्याला पेशंट मी परत आजारी पाडत न्हाय. धंद्याचं नाव जातं. आणि फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर
सदूला पुन्हा फोन. त्याच्या बायकोने घेतला. मागून सदूचा आवाज आला, सांग घरात न्हाय.
संकल्प: विनेशला आजच खरं काय ते कळवायचं.

१८ नोव्हेंबर
काल एकादशी नव्हती, पण उपास केला. उपासाच्या दिवशी वाईट बातमी कळवू नये.

२० नोव्हेंबर
युक्ती सुचली. खरखरच हवी ना? ती बाहेरूनही आणता येईल. जाळीपुढे पत्र्याचं ताट टेकवलं, त्यात थोडे तांदूळ टाकले आणि माईकमध्ये हळूच 'राम' म्हटलं. खरखर आली. पण ती ताटाची आहे हे कोणालाही कळतं. ताट काढून सुपारीची टरफलं ठेवून बघितली. राही दारात उभी होती. किती वेळची, कोण जाणे. म्हणाली, तांदूळ निवडलेले होते ते.
मग पदराला हात पुसत जवळ आली आणि म्हणाली, अहो, तो तुम्हाला खाणार आहे का? सांगून टाका की.
म्हटलं, मी घाबरलोय असं तुला वाटतं?
ती म्हणाली, तुम्ही आज देवाला दोनदा आंघोळ घातलीत.

२३ नोव्हेंबर
सराव सुरू आहे. देवापुढे बसून सगळं मोठ्याने सांगितलं. 'विनेश, बस, तुला काही सांगायचंय' इथून सुरुवात. देवाने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणजे अवघड काम झालं, आता विनेशच तेवढा राहिला.
बुवा आले होते. दत्तजयंतीला यंत्र नक्की ना? मी हो म्हटलं. आता ज्यांना घाबरायचं अशी माणसं दोन झाली.

२६ नोव्हेंबर, सकाळी
मांडव्याला निघतोय. धक्क्यावरच सांगून टाकणार. चार लोक असतात, माणूस आवाज चढवत नाही.

२६ नोव्हेंबर, दुपारी
मुंबईहून कॅटामरान लागली. विनेश उतरला, वाळला आहे. पाया पडला. मी म्हटलं, विनेश, बस, तुला काही सांगायचंय. तो म्हणाला, भावजी, बसू कुठे? इथे सगळे उभे आहेत. देवापुढे सराव करताना ही अडचण आली नव्हती.
मग अलिबागच्या बसमध्ये सांगायचं ठरवलं. पण तोच बोलायला लागला. खाली इंजिनरूममध्ये रात्रंदिवस घरघर असते, म्हणाला, पहिल्या वर्षी वेड लागायची पाळी आली होती. मग त्या घरघरीत त्याला स्वतःच्या अ‍ॅम्पचा आवाज ऐकू यायला लागला. तेव्हा झोप लागली. भावजी, तुम्हाला हसू येईल, पण माणसं बायकोचा फोटो बघतात तसा मी तो आवाज आठवतो.
मला हसू आलं नाही. तोंड उघडलं तर कंडक्टर आला. तिकीट काढलं. मग तोंड पुन्हा उघडलं नाही.

२६ नोव्हेंबर, दिवेलागण
जेवण झाल्यावर म्हटलं होतं की जरा पड. तो हसला आणि थेट अ‍ॅम्पकडे गेला. कापड काढलं, जाळीवरून हात फिरवला. कुंकू कसं काय लागलं, विचारलं. गिटार लावली, बटण दाबलं, तारा छेडल्या.
टिंग.
स्वच्छ, गोड, काकड्याला शोभेल असा सूर. विनेशने एक बटण फिरवलं. टिंग. सगळी बटणं शेवटापर्यंत फिरवली. मोठा टिंग.
त्याने माझ्याकडे बघितलं.  देवापुढे केलेल्या सरावातला एक शब्द आठवेना. म्हटलं, खारी हवा.
तेव्हा राहीने एका दमात सगळं सांगितलं. दसरा, सदू, बुवा, चांदण्या. बांबूसुद्धा.
मी वाट बघत होतो ओरडण्याची. विनेश ओरडला नाही. खाली बसला आणि त्या पेटीवर हात ठेवून राहिला, आजारी गाईजवळ माणूस बसतो तसा. बोटीवरून आलेला एवढा मोठा माणूस. मला आतापर्यंत करंटची भीती होती, किंकाळीची होती, त्याच्या रागाची होती. ती सगळी त्या बसण्यापुढे काहीच नव्हती.
मग एवढंच म्हणाला, सदू राहतो कुठे?

२७ नोव्हेंबर
विनेश मोटरसायकलवर रोह्याला गेला आणि सदूला मागे बसवून घेऊन आला. कसा आणला माहीत नाही. सदू म्हणाला, ह्यांनी मला काय बोललं न्हाय दादा, नुसतं मांडवात येऊन उभं राहिलं. मला भ्या वाटलं.
पिशवीतलं सामान होतं तसं होतं. सदूने जोडलं. विनेश शेजारी बसून फोनवरचा वायरींचा नकाशा दाखवत होता. विनेशने रात्री साइटवर मागितला आणि फिनलंडवाल्याने पाठवला. झोपला नव्हता म्हणे तो आमच्यासाठी.
मी वाडीत होतो. पंप बघणं गरजेचं होतं. तिथे ऐकू आलं. जमीन हलली, नारळाच्या झावळ्या वाजल्या, नीराबाईने पलीकडून कुणाच्या तरी आईचं नाव घेतलं. वाटेने देवळाकडे निघालेले बुवा कुंपणाशी थांबले आणि म्हणाले, अरेरे, बिघडलं का रं यंत्र?
भावजी, इकडे या, अशी हाक आली. गेलो. दारापर्यंत गेलो. विनेश वाजवत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. खरं लिहितो, तो आवाज मला आवडला नाही.  पण त्याच्या तोंडाकडे बघितलं. बुवा शेवटच्या अभंगाला डोळे मिटतात, तेव्हा त्यांचं तोंड असं होतं. मग मीही डोळे मिटले आणि चौकटीला धरून उभा राहिलो, संपेपर्यंत. तो कोणाला हाक मारत होता मला ठाऊक नाही, पण हाक खरी होती.
संपल्यावर विनेशने विचारलं, कसा वाटला? म्हटलं, मोठा आहे.

२८ नोव्हेंबर
टेम्पो आला. प्रोग्राम झाला की विनेश पुन्हा खेपेवर जाणार, जागा अजून घेतलेली नाही. मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. म्हटलं, तोपर्यंत इथेच आणून ठेव. आता मला त्याचं सगळं तंत्र कळलंय. दुखणं कोणतं आणि तब्येत कोणती, ते ओळखणारा दुसरा माणूस तुला या किनाऱ्यावर मिळायचा नाही.
विनेश वाकून पाया पडला. म्हणाला, भावजी, तुमच्यावर राग नाही, देवाशपथ. पण म्हसळ्याला मावसभाऊ आहे ना आमचा, काळूराम, बकऱ्या पाळतो तो. त्याच्याकडे ठेवायचं बोलून झालंय.
मी म्हटलं, काळूराम? त्याला गाण्यातलं काय कळतं?
विनेश म्हणाला, काहीच नाही.
आणि मोठ्या समाधानाने टेम्पोत चढला. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत होतो. मग राहीला म्हटलं, बघितलंस, माझ्या ज्ञानाची त्याला किती धास्ती आहे. ती तांदूळ निवडायला आत गेली.
आता दत्तजयंतीचं बुवांना सांगायचंय. उद्या सांगेन.